न लिहिलेली अकरा मिनिटं

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाचा संपादक अमेय आमच्याच रस्त्यावर राहतो. अमेरिकेतल्या या श्रूजबरीत आता इतके मराठी लोक आहेत की लेख न देता तोंड चुकवायची सोय उरलेली नाही. मागच्या महिन्यात तो दारात उभा राहून म्हणाला, "काकू, तुमच्या जॉबवर लिहा ना यार. सिनेटमधले फनी किस्से. लोकांना पॉलिटिक्स आवडतं, फक्त फार सीरियस नको." मी हो म्हटलं. फनी किस्से आहेत माझ्याकडे, ते आधी देते. त्यानंतरचं त्याने छापलं तर छापलं.

मी तेवीस वर्षं एका राज्याच्या सिनेटमध्ये प्रतिवेदक होते. राज्याचं नाव मुद्दाम टाळते आहे. इथून गाडीने दोन तासांवर आहे, एवढं पुरे. निवृत्तीनंतर नवरा गेला आणि मी लेकीजवळ इथे आले. प्रतिवेदक म्हणजे सभागृहात जो जे बोलेल ते शब्द न् शब्द लिहून घेणारा माणूस. मुंबईच्या विधानभवनात याच कामाला हा शब्द आहे. इथे रिपोर्टर म्हणतात, त्यामुळे मंडळातल्या बायकांना बरीच वर्षं वाटायचं की मी टीव्हीवर दिसते. दिसत नाही म्हणून त्यांना माझी कीवही यायची.

आमचं यंत्र टाइपरायटरसारखं नसतं. वीस-बावीस कळा, आणि त्यांच्यावर एकही अक्षर नाही. पेटीवर जशी तीन बोटं एकदम दाबतात तशा चार-पाच कळा एकदम दाबायच्या, की शब्दाचा तुकडा किंवा अख्खा शब्द उमटतो. सांगलीच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये मी लघुलेखन शिकले होते, वर्गात पहिली यायचे. इथे आल्यावर ती पाटी पुसून पुन्हा पहिलीपासून सुरुवात केली. मिनिटाला सव्वादोनशे शब्द जमले तेव्हा नोकरी मिळाली. या वेगात डोक्याला मध्ये येऊ द्यायचं नसतं. कानातून थेट बोटात. दिवसभर अर्थसंकल्पावरची चर्चा लिहून घरी गेले आणि नवऱ्याने विचारलं, "काय झालं आज?" तर मला एक वाक्य सांगता येत नसे. तो म्हणायचा, "बरं आहे, राज्याची गुपितं तुझ्याकडे सुरक्षित आहेत."

तर किस्से. आमच्याकडे पद्धत अशी की वृत्तांत छापण्याआधी प्रत्येक सदस्याला त्याच्या भाषणाची प्रत जायची आणि तीन दिवसांत त्याने दुरुस्त्या पाठवायच्या. दुरुस्ती म्हणजे आकडा चुकला, गावाचं नाव चुकलं, एवढंच अपेक्षित. पण माणूस आपलं बोललेलं छापील पाहतो तेव्हा त्याला आपण किती सामान्य बोललो ते पहिल्यांदा कळतं. मग एकेकाच्या अंगात साहित्यिक संचारायचा. एका सदस्यांची चिठ्ठी यायची, त्यात आपल्या प्रत्येक विनोदानंतर कंसात 'हशा' घालावा अशी विनंती असायची. सभागृहात एक सुस्कारासुद्धा निघालेला नसायचा. दुसरे एक सद्गृहस्थ एकदा दहा मिनिटं भलत्याच विधेयकावर बोलले. सोमवारचं बुधवारी बोलले म्हणा ना. चिठ्ठीत त्यांनी लिहिलं, "कृपया हे भाषण सोमवारच्या वृत्तांतात हलवावे." सोमवारी ते गैरहजर होते. आम्ही ते हलवलं नाही, पण त्या चिठ्ठीची झेरॉक्स आमच्या खोलीत बरीच वर्षं फ्रिजवर लावलेली होती.

एकाच सदस्याची चिठ्ठी तेवीस वर्षांत कधी आली नाही. सिनेटर नोरा टिअर्नी.

टिअर्नीबाई मूळच्या आयर्लंडच्या, पश्चिम किनाऱ्यावरच्या कुठल्याशा खेड्यातल्या. एकोणिसाव्या वर्षी इथे आल्या, वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची अंगं पुसायचं काम केलं, मग नर्स झाल्या, मग नर्सेसच्या युनियनमध्ये गेल्या आणि तिथून सिनेटमध्ये. बुटक्या, लालबुंद चेहरा, बारा महिने एकच करडा स्वेटर. बोलणं म्हणजे तोफखाना. तुरुंगातल्या बाळंतिणीला पलंगाला बेडी घालतात हे सभागृहात पहिल्यांदा त्यांनी सांगितलं. शाळेतल्या जेवणाचा दर्जा, वेड्यांच्या इस्पितळातली थंडी, रात्रपाळीच्या आयांची पाठदुखी, ज्या विषयावर बाकीचे मूग गिळून बसत त्यावर या हमखास उभ्या. एकदा एका सदस्याने उपाशी मुलांचे आकडे फुगवलेले आहेत असं म्हटलं. बाई म्हणाल्या, "माननीय सदस्यांना भूक माहीत आहे. दुपारच्या जेवणाला उशीर झाला की लागते ती." अध्यक्षांनी हातोडा आपटला, मी लिहिलं. रागावल्या की त्यांचा वेग अडीचशेच्या वर जायचा आणि मायदेशातले उच्चार उसळून यायचे. आमच्या खोलीत त्यांची पाळी कुणावर यायची यावरून चिठ्ठ्या टाकायचो. मला मात्र ती पाळी आवडायची.

इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच, पण माझ्या कानाला त्यांचं बोलणं 'तू' असंच ऐकू यायचं. एकदा लिफ्टमध्ये मी धीर करून विचारलं, "सिनेटर, तुम्ही दुरुस्ती कधीच पाठवत नाही?"

"मी बोलले ते बोलले," त्या म्हणाल्या. "आणि तू लिहिलंस म्हणजे मी तेच बोलले असणार. मला या इमारतीत दोनच गोष्टींवर विश्वास आहे. एक जिन्याचा कठडा आणि दुसरे तुझे हात."

हे वाक्य मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं होतं. तेवढं आठवलं होतं.

आता ते विधेयक. राज्यात एक जुनी संस्था होती. मतिमंद, अपंग, किंवा नुसती घरच्यांना जड झालेली मुलं आणि माणसं तिथे आणून ठेवत. ती बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. मागच्या टेकडीवर तिचं दफनस्थान होतं. दोनशेच्या वर थडगी, आणि त्यांवर नावं नाहीत, फक्त आकडे. विटेएवढा सिमेंटचा ठोकळा आणि त्यावर एक, दोन, तीन. कोणत्या आकड्याखाली कोण, याची यादी आरोग्य खात्याकडे नव्हती, किंवा होती असं ते कबूल करत नव्हते. टिअर्नीबाईंचं विधेयक इतकंच होतं की प्रत्येक थडग्यावर नाव कोरावं.

खात्याचं म्हणणं, रुग्णांची नावं कायद्याने गोपनीय. बाई म्हणायच्या, "जिवंतपणी यांची लाज वाटली, आता मेल्यावर यांची अब्रू जपताहेत."

आणि चर्चेच्या दोन दिवस आधी त्यांच्या हाती एक वही लागली. संस्थेच्या माळ्याने स्वतःपुरती ठेवलेली. खड्डे तोच खणायचा. आकडा आणि नाव, आकडा आणि नाव, पेन्सिलीने. माळी गेल्यावर त्याच्या मुलीने ती बाईंना आणून दिली होती. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. सदस्याने प्रतिवेदकाशी कामकाजाबद्दल बोलायचं नाही असा नियम आहे, आणि बाई तो पाळायच्या.

इथे आमच्या धंद्यातली एक रीत सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावर उभं आहे. सदस्य स्वतःचं बोलत असेल तोवर आम्ही लिहितो. तो एखादा कागद वाचायला लागला, पत्र, बातमी, आकड्यांचा तक्ता, की आम्ही कळांवरून हात काढतो. कारण सभागृहात वाचलेला कागद सभागृहाचा होतो. वाचून झालं की शिपाई तो घेतो, आमच्याकडे आणतो, आणि आम्ही त्यावरून बिनचूक उतरवतो. ऐकून लिहिण्यापेक्षा बघून लिहिणं बरं. यंत्रात तेवढ्यापुरती एकच ओळ टाकायची, 'सदस्याने कागद वाचला.' पहिल्या आठवड्यात शिकवतात हे. सगळे असंच करतात. शिवाय त्या वर्षी माझं उजवं मनगट गेलं होतं, पट्टा बांधून काम चाललं होतं. कुणी कागद हातात घेतला की मला देव भेटल्यासारखं व्हायचं.

दुपारची वेळ होती. बाई अर्धा तास बोलल्या, मी लिहिलं. मग त्यांनी पिशवीतून वही काढली आणि म्हणाल्या, "आता मी या सभागृहाला काही माणसांची ओळख करून देते." आणि वाचायला लागल्या. एक, अमुक. दोन, तमुक.

मी हात मांडीवर घेतले.

त्या सावकाश वाचत होत्या. टिअर्नीबाई, ज्यांच्यामागे आमची बोटं धावून धावून थकायची, त्या शाळेतल्या बाई शुद्धलेखन सांगतात तशा एकेक नाव थांबून वाचत होत्या. विरोधी बाजूचे नेते हरकतीचा मुद्दा घेऊन उभे होते, अध्यक्ष नियमाचं पुस्तक चाळत होते, आणि बाई वाचत होत्या. दोन-तीनदा त्यांनी वहीतून मान वर करून माझ्या हातांकडे पाहिलं. मला वाटलं, मनगटाचा पट्टा बघताहेत. मी कृतज्ञतेने हसलेसुद्धा. हे लिहितानासुद्धा कान गरम होतात.

हात मोकळे होते म्हणून आयुष्यात पहिल्यांदा मी सभागृहात बसून ऐकलं. काय ऐकलं, तर नावं. खूप नावं. काही आडनावं सलग तीनदा आली, भावंडं असावीत. अकरा मिनिटं हे चाललं. घड्याळ समोरच होतं आणि मी ते बघत होते, कारण माझी पाळी संपायला चारच मिनिटं उरली होती.

वाचून झालं, शिपायाने वही घेतली, आणि अध्यक्षांनी निर्णय दिला. ही नावं गोपनीय आहेत, ती कामकाजातून काढून टाकावीत, ध्वनिफीत पुसावी आणि वही सीलबंद करून आरोग्य खात्याच्या ताब्यात द्यावी. आजच्यासारखं थेट प्रक्षेपण तेव्हा नव्हतं. एक टेप असायची, ती त्याच संध्याकाळी पुसली गेली. वही माझ्या टेबलापर्यंत आलीच नाही. माझ्यासमोरून गेली.

तासाभराने बाई आमच्या खोलीत आल्या. इतक्या वर्षांत त्या तिथे कधी आल्या नव्हत्या. चेहरा खुललेला, जिंकल्यासारखा. दार लावून घेतलं आणि म्हणाल्या, "छापील कागदातून काढतील. काढू देत. वही गेली, जाऊ दे. तुझ्या मूळ नोंदींना कुणी हात लावू शकत नाही, कायदाच आहे. त्या अभिलेखागारात जातील आणि कुणाही नातेवाइकाने मागितलं की बघायला मिळतील. म्हणून तर मी झेरॉक्स काढत बसले नाही, एवढी सावकाश वाचली. आहेत ना सगळी?"

मी यंत्रातून निघालेली कागदी पट्टी त्यांच्यासमोर धरली. त्यावर एक ओळ होती. 'सदस्याने कागद वाचला.'

ज्या बाईने गव्हर्नरला तोंडावर खोटारडा म्हटलं होतं, ती माझ्यावर चिडली नाही. खुर्ची ओढून बसली. म्हणाली, "कागद घे. आठवतील तेवढी लिहू."

आम्ही दोघी संध्याकाळपर्यंत बसलो. एकोणीस नावं जमली. आकडा एकाचाही खात्रीने सांगता येईना. वाचणारीला वाटलं होतं की लिहिणारी आहे, आणि लिहिणारीला वाटलं होतं की कागद आहे. विधेयक मंजूर झालं, पण पांगळं होऊन. टेकडीच्या पायथ्याशी एक सामाईक शिळा, आणि ज्या नातेवाइकांना आपल्या माणसाचा क्रमांक ठाऊक असेल त्यांनी हवं तर स्वतः दगड बसवावा. क्रमांक कुणाला ठाऊक असणार? सीलबंद वही पुढे खात्याच्या कार्यालयाची जागा बदलताना कुठल्या खोक्यात गेली ते कुणाला सांगता येईना.

इथपर्यंतची चूक रीतीची होती, असं मी स्वतःला समजावते. पुढची माझी एकटीची.

दोन आठवड्यांनी आमच्या कार्यालयाच्या खिडकीशी एक बाई आल्या. सत्तरीच्या, उंच, हातात काठी, दोन बस बदलून आलेल्या. हेलन त्यांचं नाव. चर्चेच्या दिवशी त्या वर प्रेक्षक गॅलरीत होत्या, पण कानाने कमी ऐकू यायचं, वरपर्यंत काही पोहोचलं नव्हतं. त्यांचा धाकटा भाऊ डॅनियल चार वर्षांचा असताना त्या संस्थेत ठेवला होता, आणि नऊ वर्षांचा असताना तो गेल्याचं पत्र घरी आलं होतं. तो बोलत नसे, पण हेलनने शीळ घातली की हसायचा. टिअर्नीबाईंनी त्यांना आदल्या दिवशी फोन करून सांगितलं होतं, "तुमच्या भावाचं नाव वहीत आहे. क्रमांक उद्या सभागृहात ऐकाल."

हे बाईंनी मला नंतर स्वतःच सांगितलं. "फोनवर सांगता आलं असतं गं," त्या म्हणाल्या. "वही समोर होती. पण मला ते सभागृहात गाजवायचं होतं." बोलघेवडेपणाची ही एवढी एक किंमत त्यांनी माझ्याजवळ कबूल केली.

हेलनने रीतसर अर्ज भरला. मी त्यांना पान दिलं. त्यांनी ती ओळ वाचली. मग पान उलटून मागची बाजू बघितली. मागे कोरं होतं. पुन्हा पुढे केलं, पुन्हा मागे.

"तुम्हीच बसला होता ना तिथे? पट्टा बांधलेल्या. मी वरून बघत होते."

"हो."

"मग तुम्ही ऐकलं असेल. डॅनियल. फक्त आकडा सांगा मला. मी पुन्हा त्रास देणार नाही."

त्याच्या आधीच्या रविवारी मी त्या टेकडीवर जाऊन आले होते. कशाला गेले माहीत नाही, मन खात होतं म्हणून. एका मेपलच्या झाडाखाली कोरडी, उन्हाची जागा होती, तिथे थोडा वेळ बसले होते. तिथल्या ठोकळ्यावरचा आकडा डोक्यात होता. उचलली जीभ लावली टाळ्याला, तसं झालं.

"एकशे बारा," मी म्हटलं.

त्या बाईने काठी भिंतीला टेकवली आणि खिडकीतून हात घालून माझे दोन्ही हात धरले. मला म्हणाली, "देवाने तुला तिथे बसवलं होतं."

टिअर्नीबाईंना मी हे आठवड्याने सांगितलं. वाटलं होतं, म्हणतील, जाऊ दे, म्हातारीला बरं वाटलं. त्या अशा चिडल्या की मी खुर्ची मागे सरकवली. "उद्याच्या उद्या जा आणि खरं सांग. माहीत नाही हे ती सोसेल. साठ वर्षं सोसलंयच तिने. माझी मावशीही आयर्लंडमध्ये अशाच एका संस्थेत गेली, बिननावाची पुरली. माझ्या आजीला तिथल्या एका बाईने दयेपोटी एक जागा दाखवली. मरेपर्यंत आजी तिथे गुडघे टेकायला जायची. ती जागा भलत्याचीच निघाली. त्या दयाळू बाईला मी अजून माफ केलेलं नाही. कळलं?"

कळलं. मी जायचं ठरवलं. उद्या, मग पुढच्या आठवड्यात, मग हेलननेच फोन करून सांगितलं की दगड बसवलाय, डॅनियलचं नाव कोरलंय, बघायला येशील का. पुरावा कुणी मागितला नव्हता, कारण पडताळायला यादीच नव्हती. मी गेले. नाव सुंदर कोरलं होतं. त्यानंतर सांगायचं म्हणजे दगड उखडायला सांगणं. टिअर्नीबाईंनी पुन्हा विचारलं नाही. सभागृहात त्या आणखी सहा वर्षं होत्या, तितक्याच कडाडून बोलायच्या. फक्त भाषणात कागद वाचायची वेळ आली की आधी अध्यक्षांना म्हणायच्या, "प्रतिवेदकांनी हे लिहून घ्यावं अशी माझी विनंती आहे." मला उद्देशून नव्हे, कामकाजाचा भाग म्हणून. दर वेळी मला ते पानावर लिहावं लागायचं. त्या गेल्या तेव्हा मी अंत्यविधीला सर्वांत मागे बसले.

हेलनशी मात्र माझी मैत्री झाली, आणि खरी झाली. तिचं कुणी नव्हतं. दर मे महिन्यात मी तिला गाडीतून टेकडीवर न्यायचे. ती एकशे बाराजवळ स्वतः लावलेल्या डॅफोडिलभोवतीचं तण काढायची, जमिनीवर पथारी घालून सँडविच खायची, आणि दगडाकडे तोंड करून शीळ घालायची. पुढे दात गेल्यावर शीळ नीट वाजेना तेव्हा मला म्हणाली, "तू घाल." मी घातली. मराठी पोरींना शीळ घालायची नाही म्हणून शिकवलेलं असतं, पण सांगलीत मी चोरून शिकले होते.

चार वर्षांपूर्वी ती गेली. शुश्रूषागृहातून मला फोन आला, कारण तिने कागदांवर माझं नाव दिलं होतं. तिची इच्छा लिहून ठेवलेली होती. राख डॅनियलजवळ मातीत मिसळावी, आणि ते काम मी करावं. माझ्या लेकीने, केतकीने, गाडी चालवली. खुरप्याने माती उकरून, डॅफोडिलच्या मुळांना धक्का न लावता, ती राख मी माझ्या हाताने एकशे बाराच्या कुशीत ओतली आणि वर माती सारखी केली. आपल्याकडे अस्थी वाहत्या पाण्यात सोडतात, माणूस कुठल्या एका जागी राहत नाही. त्या दिवशी मला ही पद्धत फार शहाणी वाटली.

या वर्षी मार्चमध्ये केतकी फोन हातात घेऊन स्वयंपाकघरात आली. "आई, लिस्ट ऑनलाइन आलीये. ती वही. दे फाउंड इट इन सम बॉक्स. स्कॅन करून टाकलीये." माळ्याचं पेन्सिलीतलं अक्षर होतं, गोल, कष्टाने काढलेलं. मी कणकेच्या हातांनीच फोन घेतला.

एकतीस, डॅनियल.

एकशे बारा, अ‍ॅग्नेस. पुढे आडनाव, आणि वय सव्वीस.

केतकीला तोवर मी काहीच सांगितलं नव्हतं. तेव्हा सांगितलं, सगळं, ओट्याला टेकून. तिने फोन माझ्या हातातून घेऊन बाजूला ठेवला. मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "आई, ॲट लीस्ट त्या अ‍ॅग्नेसला तरी फ्लॉवर्स मिळाले ना. इतकी वर्षं. शी हॅड नोबडी."

पोरगी प्रेमाने बोलली. पण ती फुलं अ‍ॅग्नेसला मिळाली नाहीत. त्यांच्यावर दुसऱ्याचं नाव होतं. आणि डॅनियल तिथून साठ पावलांवर, गवतात, एका बिननावाच्या विटेखाली पडून राहिला, आणि त्याची बहीण दर वर्षी त्याच्याकडे पाठ करून शीळ घालत बसली. ती पाठ मी तिला करून दिली होती.

मी खात्याला कळवलं. लपवलं नाही, आकडा मी सांगितला आणि मी खोटा सांगितला, असं लिहिलं. त्यांचं उत्तर फार सभ्य होतं. चूक दुरुस्त करण्यात येईल, हजर राहायचं असल्यास अमुक दिवशी यावे.

मेमधली सकाळ होती. दोन कामगार ढकलगाडी घेऊन आले होते. त्यांतला मोठा, टोपीवाला, दगडाभोवतीची माती पहारीने सैल करत होता. डॅफोडिल फुललेली होती, त्यांना तो जपत होता. दगड सहज निघाला. दोघांनी तो गाडीत आडवा ठेवला, एकतीसकडे न्यायला. अ‍ॅग्नेसचा नवा दगड गवतावर तयार पडला होता, अक्षरं पांढरी, ताजी.

निघण्याआधी टोपीवाल्याने टोपी काढून घाम पुसला आणि मला विचारलं, "मॅम, इथलं आणखी काही त्याच्याबरोबर तिकडे न्यायचंय का?"

हेलन मिसळलेल्या त्या मातीकडे मी बघितलं. केतकीने माझा दंड घट्ट धरला होता.

"नाही," मी म्हटलं. "एवढंच होतं."